गाव टाळून जाणारा रस्ता

आल्प्स पर्वत मी वीसेक वर्षं शिकवत आले आहे. वलीपर्वत, हिमनद्या, उन्हाळ्यात वरच्या कुरणांत जाणारी गुरं, हे सगळं मला तोंडपाठ आहे, आणि परीक्षेला येतं म्हणून मुलांनाही पाठ होतं. प्रत्यक्षात तुम्ही चढलेला सर्वांत उंच डोंगर कोणता, असं कुणी विचारलं तर मला माहूरचं नाव घ्यावं लागेल, आणि तिथंही मी एसटीने वर गेले होते.

त्यामुळे मोबाइलवर आल्प्समधल्या खडीच्या रस्त्यांवरून सायकल चालवणाऱ्यांचे व्हिडिओ दिसायला लागले, तेव्हा मी घरात सांगितलं की हे अभ्यासासाठी आहे. त्या व्हिडिओंत एक पांढरट कच्चा रस्ता हिरव्या उतारावरून वळत जातो. त्यावर एकही गाडी नसते. साठीची एक बाई अजिबात धापा न टाकता सांगत असते की या वाटेवर दिवसभर तुम्हाला कुणीही भेटणार नाही. या एका वाक्याने माझा घात केला. मी नांदेडला राहते. घराच्या फाटकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत मला कुणी ना कुणी भेटतंच, आणि जो भेटतो तो माझं वजन वाढलं की कमी झालं यावर मत देऊनच पुढे जातो.

पन्नाशीला टेकता टेकता मी सायकल घेतली. जाड टायरची, खाली वाकलेल्या हँडलची. दुकानदाराने मुलाची उंची विचारली. मुलगा नाही, मीच चालवणार आहे, म्हटल्यावर त्याने फार आदराने खुर्ची दिली. माझा नवरा मूळचा मुरुडचा, लातूर जिल्ह्यातला. त्याच्या मते सायकल ही शाळेबरोबर सुटायची गोष्ट आहे. त्याने सायकलभोवती एक चक्कर मारली, स्टँड कुठं आहे म्हणून विचारलं, आणि या जातीला स्टँड नसतो हे ऐकल्यावर पुढे काही विचारायचं त्याच्यात त्राण उरलं नाही.

नांदेडच्या आसपासचे मोठे रस्ते माझ्या कामाचे नव्हते. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात, आणि चालवणाऱ्याला त्याचं गाणं ऐकू येतं, आपली घंटी येत नाही. मग मी संगणकावर उपग्रहाची छायाचित्रं उघडली आणि भूगोलाच्या मॅडमला शोभेल अशा गांभीर्याने कच्च्या वाटा हुडकायला बसले. पहिल्या रविवारी मी वाट म्हणून जी रेघ धरली होती ती कालव्याची कोरडी चारी निघाली. दुसऱ्या वेळी चांगली बैलगाडीची वाट सापडली, पण ती एका माणसाच्या गोठ्यात जाऊन संपली. त्याने मला चहा पाजला, मी मोजणीला आले असेन या समजुतीने बांधावरून शेजाऱ्याने कसा नांगर घातला ते दाखवलं, आणि माझ्या हेल्मेटकडे बघून वर तक्रारही करून ठेवली. बाभळीचे काटे तर त्या साठीच्या बाईने कधी पाहिलेच नसणार. पंक्चर काढायला मी इतक्या वेळा बसले की आता मला वर्गात हिमनद्यांपेक्षा ते जास्त आत्मविश्वासाने शिकवता येईल.

हळूहळू अक्कल आली. शेतांच्या मधून बैलगाडीसाठी सोडलेली पाणंद, तिच्यावर मुरूम टाकलेला असला तर आपला आल्प्स तोच. थंडीत जमीन कडक असते, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते, आणि खरोखरच कुणी भेटत नाही. मग मी मोठा बेत आखला. कंधारपासून माझ्या माहेरच्या गावापर्यंत, डांबराला चाक न लावता.

माझं माहेर कंधार आणि मुखेडच्या मधे आहे, बालाघाटात. बाहेरचे लोक त्याला टेकड्या म्हणतात, गावातले डोंगर म्हणतात. सायकलवरून चढल्यापासून मी गावाच्या बाजूने आहे. बेताचे नियम दोनच होते. डांबर लागायचं नाही आणि गाव लागायचं नाही. गाव आलं की माणसं आली, माणसं आली की थांबणं आलं, कुणाची कोण हे सांगणं आलं, आणि चहा आला. प्रत्येक गावाला मी नकाशावर बाहेरून वळसा घातला. आक्काच्या गावालाही घातला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या डोंगराच्या पलीकडच्या गावात तिला दिलेलं आहे. मी शाळेत असताना ती एकदा दुपारी माहेरी आली होती. एसटीने स्टँडवर उतरून सगळ्यांसमोरून नाही, मागच्या पाणंदीने, पायी, हातात पिशवी घेऊन. दाजी दारू पिऊन मारायचे. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांनी तिला पोटभर जेवू घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने स्वतः सासरी परत नेऊन सोडलं. लोक काय म्हणतील, धाकटीचं लग्न कसं होईल, असं काहीतरी बोलणं रात्री माझ्या कानावर आलं होतं. धाकटी म्हणजे मी. पुढे आक्का नांदली. नांदली म्हणजे तिथं राहिली. दाजी म्हातारपणी दारू सोडून भजनाला लागले, हे लोक कौतुकानं सांगतात.

यावरून मी अण्णांशी कधी भांडले नाही. भांडण्याएवढं बोलणंच आमच्यात उरलं नाही. लग्न झाल्यापासून मी माहेरी गेले की गाडीतून उतरते, जेवते आणि दिवस मावळायच्या आत परत निघते. त्या घरात मी मुक्कामाला राहिले नाही. अण्णांनीही कधी राहा म्हटलं नाही. हे आमच्यात असंच चालायचं, आणि अण्णा ऐंशीच्या पुढे गेले तरी असंच चाललं होतं. दरवेळी परतताना मला वाटायचं की हे आता असंच संपणार.

तर, सुट्टीच्या एका सकाळी नवऱ्याने मला सायकलीसकट कंधारला सोडलं. संध्याकाळी माझ्या माहेरी येऊन मला घेऊन जायचं त्याने कबूल केलं. पोचलीस तर, असंही तो पुढे म्हणाला. माहेरी मी कळवलं नव्हतं, कारण कळवलं असतं तर माझ्या आईने सगळ्या वाटांवर माणसं उभी केली असती.

पहिला टप्पा इतका झकास गेला की मी स्वतःशीच इंग्रजी व्हिडिओतल्यासारखी बोलायला लागले. मुरमाची वाट, हरभऱ्याचा वास, एक टिटवी आणि मी. मग चढ आला आणि माझं बोलणं बंद झालं. अर्ध्या चढावर मी उतरले. व्हिडिओत उतरताना कुणाला दाखवत नाहीत, ते कापतात बहुतेक. चढ संपल्यावर वाट बाभळीच्या रानात शिरली आणि एका फांदीने माझ्या गालावर ओरखडा काढला. त्यानंतर डोळ्यात चिलट गेलं. ते काढता काढता डोळा चोळून इतका लाल झाला की दुसऱ्या डोळ्यालाही पाणी यायला लागलं. हरभरा खुडणाऱ्या दोन बायांनी लांबून माझ्याकडे बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

आक्काच्या गावाची पाण्याची टाकी उजवीकडे दिसली. मी ठरल्याप्रमाणे डावीकडून वळसा घातला. तिथून आमच्या गावची पाणंद सुरू होते, आणि तिथंच मागचं चाक बसलं. जवळच्या सगळ्या ट्यूब आधीच संपल्या होत्या. उरलेली वाट मी सायकल ढकलत, चढात धरलेल्या गुडघ्यामुळे एका पायाने लंगडत काढली.

गावामागच्या शेतात आमचा आखाडा आहे. बैल, कडबा आणि अण्णांची बाज यांच्यासाठी उभं केलेलं पत्र्याचं शेड. अण्णा बाजेवर बसले होते. मला बघून ते उठले, चार पावलं पुढे आले आणि थांबले. त्यांनी मागे वाटेकडे बघितलं, आणखी कुणी येतंय का म्हणून. कुणी येत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली, शेडला टेकवून ठेवली आणि माठातलं पाणी दिलं.

मला वाटलं, ते कौतुकाने गप्प झालेत. मग मी सुटले. म्हणाले, किती महिने मनात होतं, आज निघालेच. आधी कळवलं असतं तर कुणी येऊ दिलं नसतं. वाटेत कुणी बघू नये म्हणून सगळी गावं टाळत आले. अण्णांनी हळूच विचारलं, जावईबापूंना माहीत आहे का. मी म्हणाले, माहीत आहे, त्यांना काही पटलेलं नाही, पण मी आता लोकांचं ऐकायचं सोडून दिलंय. हे शेवटचं वाक्य मी बरेच दिवस कुणाला तरी ऐकवायला राखून ठेवलं होतं. अण्णा माझ्या गालाकडे बघत होते. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, लागलं थोडं, त्याचं काय एवढं.

घरी त्यांनी मला मागच्या दाराने नेलं. माझ्या आईने, म्हणजे मायने, मला बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि काहीही न विचारता पाणी तापायला ठेवलं. माझी माय न विचारता राहू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिने पेटीतलं नवं लुगडं काढून दिलं आणि मी जेवताना माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. शेजारच्या काकू डोकावल्या, तर अण्णांनी पोरीचं डोकं दुखतंय म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग ते आतल्या खोलीत गेले आणि सोयाबीनची पोती एकेक करून बाहेर ओढायला लागले. या वयात हे कशाला, मी म्हटलं. मला वाटलं, सायकल ठेवायला जागा करतायत. एवढी काळजी घ्यायची गरज नाही, ती बाहेर राहते, असंही मी सांगून टाकलं.

खोली रिकामी झाली, झाडून झाली, तिथं पलंग आला, पलंगावर गादी आली. अण्णांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, गादीकडे बघत होते.

"हे बग माय," ते म्हणाले, "तुला कुणी काई इचारणार न्हाई. ऱ्हायचं तितकं ऱ्हा. कायमचं ऱ्हायचं आसंल तरी ऱ्हा. लोकाची फिकीर करू नको. म्या जित्ता हाय तवर तुला या घरातून परत जा म्हणणार न्हाई कुणी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. एकटी, न कळवता, मागच्या वाटेने, गाल फुटलेला, डोळे लाल. दिवसभरात मी जे जे बोलले ते एकेक वाक्य आठवत गेलं आणि प्रत्येक वाक्याला मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि रडायला लागले. का रडतेय हेही मला धड कळत नव्हतं. मी सोडून आले नव्हते, मला त्या खोलीची गरज नव्हती, तरी इतकी वर्षं मी नेमकं हेच ऐकायला आसुसले होते असं वाटलं. अण्णांनी माझं रडणं पाहिलं आणि त्यांचा होता नव्हता तो संशयही फिटला.

मी अजून तोंड धूतच होते तेवढ्यात नवरा आला. तो हसत हसत गाडीतून उतरला आणि सासरे उंबऱ्यात उभे दिसल्यावर वाकून पाया पडला. अण्णांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की ती येणार नाही. नवऱ्याला वाटलं, माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. तो म्हणाला, मला कल्पना होतीच, या वयात हे होणारच होतं. अण्णांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. मग त्यांनी विचारलं, हात कामून उचलला? माझा नवरा पालही मारत नाही, झाडूने तिला बाहेरची वाट दाखवतो. त्याने आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि मग मदतीसाठी दाराकडे.

मी मायचं लुगडं नेसून बाहेर आले आणि सगळं सांगितलं. आल्प्सपासून सांगावं लागलं. बाभळीची फांदी, चिलट, पंक्चर, गावं टाळायचा नियम. माय पदर तोंडाला लावून हसली, हसता हसता रडली, आणि जावयाला एकामागून एक चहा पाजत राहिली. अण्णा मात्र हसले नाहीत. ते उठून अंगणात लिंबाखाली जाऊन बसले. मी मागोमाग गेले.

"म्हंजे तू नुसती फिराया आलतीस," ते म्हणाले.

"हाव, अण्णा."

"मंग मी बोललो ते वाया गेलं म्हण की."

इतकी वर्षं माझ्या मनात जे होतं ते मी त्यांना कधी बोलून दाखवलं नव्हतं. तेव्हा बोलले, आणि रागाने नाही. "ते माझं नव्हतंच, अण्णा. ते आक्काचं हाय. तिला सांगा."

अण्णांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. मग म्हणाले, लाव फोन.

मी आक्काला फोन लावला, अण्णा बोलतायत असं तिला सांगितलं, आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना तो कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून आवाज मोठा करून दिला. मघाचं बोलणं त्यांना पुन्हा तसं जमलं नाही. कवा बी ये माय, ऱ्हायला ये, घर तुझं हाय, एवढंच ते म्हणाले. पलीकडून एका नातवंडाचं रडणं ऐकू येत होतं.

"अण्णा," आक्का म्हणाली, "त्या दिवशी म्हणायला पायजे होतं."

"हाव," अण्णा म्हणाले. "पायजे होतं."

त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि तोंड फिरवून घेतलं. मी आक्का म्हणून हाक मारली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. हरभरा खुडणाऱ्या बायांनी गावात येऊन सांगितलं होतं की सकाळी एक बाई टोपडं घालून सायकलवर गावाबाहेरून गेली. "तूच होतीस का?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "दारावरून गेलीस अन् आत आली न्हाईस," ती म्हणाली, आणि सूनबाई जेवायला बोलावतेय म्हणून फोन ठेवून दिला.

अण्णांच्या नावाने मी इतकी वर्षं हिशेब ठेवत आले, आणि स्वतःच्या मौजेसाठी आक्काचं गाव मी बोटाने नकाशावरून बाजूला सारलं होतं. ते सारताना माझ्या मनात काहीसुद्धा आलं नव्हतं. याची मला जितकी लाज वाटली तितकी दिवसभरातल्या सगळ्या फजितीची मिळून वाटली नाही. त्या रात्री मी आतल्या खोलीत राहिले. नवरा बाहेर पोत्यांशेजारी झोपला.

सकाळी मी गावातल्या दुकानातून पंक्चर काढून आणलं आणि जाहीर केलं की मी सायकलवर आक्काकडे जाणार, आणि या वेळी डांबरी रस्त्याने, स्टँडवरून, सगळ्यांच्या समोरून. स्टँडवरच्या प्रत्येकाने मला थांबवलं. कुणाची कोण ते मी सांगितलं, दोन ठिकाणी चहा घेतला, एका म्हाताऱ्याला सायकलीला स्टँड का नाही ते समजावलं. पुढे रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, एक वरातीचा टेम्पो आणि माझ्या मागे हळूहळू येत हॉर्न वाजवणारी नवऱ्याची गाडी. आल्प्समधल्या कुठल्याही बाईने या रस्त्याची शिफारस केली नसती.

आक्का ओट्यावर धान्य पाखडत होती. मला बघून तिने सूप खाली ठेवलं. सायकलीकडे तिने लक्षही दिलं नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघत होती.

"एकटीच आलीस?" तिने विचारलं.

मी मागे बोट दाखवलं. गाडी दारासमोर येऊन थांबली होती. नवरा उतरला होता. पुढच्या सीटवर अण्णा बसले होते, टोपी मांडीवर, आणि उतरायचं नाव घेत नव्हते. नवऱ्याने दोनदा वाकून त्यांना काहीतरी सांगितलं. ते हलले नाहीत.

आक्काने हात पदराला पुसले, ओट्याच्या पायऱ्या उतरली आणि जाऊन गाडीचं दार उघडलं.